विश्लेषण : जनावरांचा ‘सर्रा’ चंद्रपुरातील माणसाला कसा झाला? १८८० मधील एका पशुवैद्याचा शोध आज का आठवायचा?

पावसाळा सरत आला की गोठ्यात चावऱ्या माश्यांचा त्रास वाढतो. त्याच सुमारास पशुवैद्यकीय दवाखान्यांमध्ये ‘सर्रा’ची जनावरे येऊ लागतात. ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो. जनावर खंगत जाते. काही जनावरे एकाच जागी गोल गोल फिरतात, भिंतीला डोके टेकवून उभी राहतात. हा आजार जनावरांचा, माणसाला तो होत नाही, असे शंभरहून अधिक वर्षे मानले जात होते. मात्र २००४-०५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या रक्तात या आजाराचे परजीवी सापडले आणि हा समज मोडला. माणसाला सर्रा झाल्याची जगातील ही पहिली सिद्ध नोंद ठरली. हा परजीवी कोणता, तो शोधला कोणी, एरवी माणूस त्याच्यापासून कसा वाचतो आणि चंद्रपुरात नेमके काय वेगळे घडले, हे समजून घेऊ.

सर्रा म्हणजे नेमके काय?

सर्रा हा रक्तातील परजीवीमुळे होणारा आजार आहे. ‘ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय’ हे या परजीवीचे शास्त्रीय नाव. तो जिवाणू नाही आणि विषाणूही नाही. मलेरियाच्या परजीवीप्रमाणे तो एकपेशीय प्राणी आहे. फरक असा की मलेरियाचा परजीवी तांबड्या पेशीच्या आत शिरतो, तर हा रक्तात मोकळा पोहतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो बारीक, लांबट आणि शेपटीसारख्या तंतूच्या जोरावर वळवळताना दिसतो. रक्तातील साखर हे त्याचे इंधन.

उंट आणि घोडा यांच्यासाठी हा आजार अनेकदा जीवघेणा ठरतो. कुत्र्यांमध्येही तो तीव्र असतो, डोळे पांढुरके होतात. गायी-म्हशींमध्ये चित्र फसवे असते. काही जनावरांना अचानक तीव्र ताप येऊन ती दगावतात. बऱ्याच जनावरांमध्ये मात्र तो आतल्या आत राहतो. दूध घटते, रक्तक्षय होतो, पायांवर सूज येते, गाभण जनावर गाभडते. मालकाला वाटते, चारा कमी पडला किंवा जनावर वयाने थकले. वरून धडधाकट दिसणारे असे जनावर इतरांसाठी संसर्गाचा साठा बनून राहते.

जंगली प्राणीही यातून सुटत नाहीत. ओडिशातील नंदनकानन प्राणिसंग्रहालयात जुलै २००० मध्ये दहाहून अधिक वाघ दगावले होते. तपासात ट्रिपॅनोसोमाचा संसर्ग हेच कारण पुढे आले.

हा आजार पसरतो कसा?

मलेरियाचा परजीवी डासाच्या पोटात काही दिवस वाढतो आणि मगच पुढच्या माणसात जातो. सर्राच्या बाबतीत माशी फक्त वाहतुकीचे काम करते. टॅबॅनस जातीच्या मोठ्या चावऱ्या माश्या आणि गोठ्यात आढळणारी स्टोमॉक्सिस ही माशी हे त्याचे मुख्य वाहक. टॅबॅनसचा चावा फार दुखतो. जनावर शेपटी मारते, कातडी थरथरवते आणि माशी अर्धवट रक्त पिऊन उडते. ती लगेच शेजारच्या जनावरावर बसते. तोंडाच्या अवयवांना लागलेल्या ताज्या रक्तासोबत परजीवीही तिकडे पोहोचतो. वापरलेली सुई न बदलता दुसऱ्याला टोचावी, तसाच हा प्रकार.

हीच गोष्ट या परजीवीच्या जगभरातील फैलावाचे कारण ठरली. त्याचे भाऊबंद आफ्रिकेत ‘निद्रारोग’ घडवतात. त्यांना वाढीसाठी त्सेत्से माशी लागते. ही माशी आफ्रिकेबाहेर नाही, म्हणून तो आजारही तिथेच अडकून पडला. सर्राच्या परजीवीने मात्र माशीच्या शरीरात वाढण्यासाठी लागणारा काही जनुकीय भाग गमावला. त्सेत्सेमध्ये तो वाढू शकत नाही, पण त्याला तिची गरजही उरली नाही. कुठलीही चावरी माशी त्याला चालते. त्यामुळे उंट आणि घोड्यांसोबत तो उत्तर आफ्रिका, पश्चिम आशिया, भारत, आग्नेय आशिया आणि दक्षिण अमेरिकेपर्यंत पोहोचला.

त्याचा शोध कोणी लावला?

उत्तर आहे एक पशुवैद्य, ग्रिफिथ इव्हान्स. १८३५ मध्ये वेल्समध्ये जन्मलेल्या इव्हान्स यांनी लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजमधून पशुवैद्यकाची पदवी घेतली. लष्करी नोकरीत कॅनडात असताना मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातून ते माणसांचे डॉक्टरही झाले. जनावरांचे आणि माणसांचे असे दोन्ही वैद्यक शिकलेला हा माणूस १८७७ मध्ये भारतात आला.

१८८० मध्ये त्यांना डेरा इस्माइल खान येथे पाठवण्यात आले. हे ठिकाण आज पाकिस्तानच्या खैबर पख्तुनख्वा प्रांतात आहे. त्या भागात लष्कराचे घोडे आणि उंट ‘सर्रा’ने मरत होते. रसद, तोफा, स्वार हे सगळे जनावरांवरच अवलंबून असल्याने सरकारसाठी हा लष्करी प्रश्न होता.

इव्हान्स यांनी आजारी जनावरांच्या रक्ताचा थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात वळवळणारे जीव दिसले. एका जनावरात दिसले म्हणून ते थांबले नाहीत. घोडे, खेचरे, उंट अशा वेगवेगळ्या आजारी जनावरांचे रक्त त्यांनी तपासले. मग आजारी जनावराचे रक्त निरोगी जनावराला टोचून पाहिले. त्यालाही आजार झाला आणि त्याच्या रक्तातही तेच जीव दिसले. हे जीवच आजाराचे कारण आहेत, असा निष्कर्ष त्यांनी आपल्या अहवालात मांडला.

हे वर्ष लक्षात घेण्यासारखे आहे. त्याच १८८० मध्ये, नोव्हेंबर महिन्यात, अल्जेरियात अल्फोन्स लाव्हेराँ यांना माणसाच्या रक्तात मलेरियाचा परजीवी दिसला. डासांमधून मलेरिया पसरतो, हे रोनाल्ड रॉस यांनी दाखवले ते १८९७ मध्ये. आफ्रिकेत डेव्हिड ब्रूस यांनी गुरांच्या ‘नगाना’ आजाराचा ट्रिपॅनोसोमा शोधला, तोही १८९० च्या दशकात. म्हणजे सस्तन प्राण्यांमध्ये आजार घडवणारा पहिला ट्रिपॅनोसोमा एका पशुवैद्याने भारतीय उपखंडात शोधला होता.

मग त्यांचे म्हणणे का मानले गेले नाही?

जंतूंमुळे आजार होतो, ही कल्पना तेव्हा नवीच होती. रॉबर्ट कॉख यांनी काळपुळी म्हणजेच अँथ्रॅक्सचा जिवाणू आजाराचे कारण असल्याचे दाखवून जेमतेम चार वर्षे झाली होती. आजारी रक्तात जीव दिसत असतील, तर ते आजाराचा परिणाम असतील, कारण नव्हे, असे मानणारे अनेक जाणकार होते. काही निरोगी उंदरांच्या रक्तातही असेच जीव आढळतात, हे कोलकात्यात टिमथी लुईस यांनी १८७८ मध्येच नोंदवले होते. मग घोड्यातील जीव तेवढे घातक कसे, हा प्रश्न त्या काळात अगदीच चुकीचा नव्हता.

त्याचे उत्तर पुढच्या दोन दशकांत मिळत गेले. जे. एच. स्टील या पशुवैद्याला १८८५ मध्ये ब्रह्मदेशातील खेचरांत हाच परजीवी आढळला आणि त्यांनी त्याला इव्हान्स यांचे नाव दिले. १९०१ मध्ये लिओनार्ड रॉजर्स यांनी मुक्तेश्वर येथील प्रयोगशाळेत दाखवले, की आजारी जनावरावर बसलेली माशी लगेच निरोगी जनावरावर सोडली तर आजार पसरतो, मधे बराच वेळ गेला तर पसरत नाही. इव्हान्स यांना आपल्या कामाची दखल घेतली गेल्याचे पाहायला मिळाले. १९३५ मध्ये, वयाची शंभरी पूर्ण केल्यावर त्यांचे निधन झाले.

महाराष्ट्राशी याचा काय संबंध?

संबंध जवळचा आहे. परजीवीला इव्हान्स यांचे नाव देणारे स्टील हेच मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य. परळ येथील हे महाविद्यालय १८८६ मध्ये सुरू झाले. आज ते नागपूर येथे मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे.

दुसरा धागा पुण्याचा. जनावरांच्या साथींवर संशोधन करण्यासाठी ‘इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ १८८९ मध्ये पुण्यात स्थापन झाली. तिचे प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड यांनी सर्रावर विस्तृत काम केले. घातक जंतूंवरचे प्रयोग दाट वस्तीपासून दूर व्हावेत म्हणून ही प्रयोगशाळा १८९३ मध्ये कुमाऊँमधील मुक्तेश्वरला हलवण्यात आली. भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था म्हणजे ‘आयव्हीआरआय’ ही तिचीच आजची ओळख.

आणखी एक गमतीचा धागा शब्दाचा आहे. ‘सर्रा’ शब्दाचे मूळ उत्तर भारतीय भाषांमधील ‘सडलेले’ या अर्थाच्या शब्दात असल्याचे बरेच जण सांगतात. मरिअम-वेबस्टरसारखा इंग्रजी शब्दकोश मात्र तो मराठीतील ‘सूर’ या शब्दाशी, श्वासाच्या घरघरीशी जोडतो.

माणसाला सर्रा का होत नाही?

सर्राची माशी माणसालाही चावते. जनावराचे रक्त पशुपालकाच्या हाताला, जखमेला लागते. तरीही आजार होत नाही. कारण माणसाच्या रक्तातच या परजीवीवरचे औषध आहे. माणसाच्या रक्तद्रवात ट्रिपॅनोसोमा मरतात, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच लक्षात आले होते. नेमके कोणत्या घटकामुळे मरतात, हे कळायला पुढे बराच काळ जावा लागला.

हा घटक म्हणजे ‘एपीओएल-१’ नावाचे प्रथिन. ‘चांगले कोलेस्टेरॉल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एचडीएल कणांसोबत ते रक्तात फिरते. परजीवी आपले अन्न म्हणून हे कण गिळतो, त्यासोबत हे प्रथिनही आत जाते. परजीवीच्या पेशीत लायसोसोम नावाची एक पचनाची पिशवी असते. एपीओएल-१ तिच्या आवरणाला छिद्रे पाडते. पिशवी फुगत जाते आणि परजीवी मरतो. गाय, म्हैस, घोडा, उंट यांच्याकडे हे संरक्षण नाही. आफ्रिकेतील निद्रारोगाच्या परजीवींनी मात्र या प्रथिनापासून बचाव करण्याचे मार्ग शोधले आहेत, म्हणून ते माणसाला आजारी पाडतात.

मग चंद्रपुरात काय घडले?

चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याला पाच महिने अधूनमधून ताप येत होता. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांना त्याच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा दिसले. तापाच्या चढउताराबरोबर रक्तातील परजीवींची संख्याही कमी-जास्त होत होती. भारतात माणसात असा आजार अपेक्षितच नव्हता. परजीवीची ओळख पटवण्यासाठी सूक्ष्मदर्शक, प्रतिपिंडांच्या चाचण्या आणि जनुकीय चाचण्या अशा सगळ्या बाजूंनी तपासणी झाली. सगळ्यांचे उत्तर एकच होते : ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय.

पाठीच्या कण्यातील द्रव तपासल्यावर परजीवी मेंदूपर्यंत पोहोचलेला नसल्याचे स्पष्ट झाले. त्यामुळे निद्रारोगाच्या सुरुवातीच्या टप्प्यात वापरले जाणारे ‘सुरामिन’ हे औषध देणे शक्य होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने हे औषध मिळाले आणि रुग्ण बरा झाला. डॉ. प्रशांत जोशी आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ही नोंद शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. संसर्ग बहुधा बाधित जनावराच्या रक्तातून झाला असावा, असा अंदाज त्यांनी मांडला.

पण शेतात-गोठ्यात राबणारे लाखो लोक असताना एकालाच आजार का झाला? बेल्जियममधील ब्रुसेल्स येथील एटिएन पेज यांच्या प्रयोगशाळेने या रुग्णाचा रक्तद्रव तपासला. त्यात एपीओएल-१ प्रथिन सापडलेच नाही. आई आणि वडील या दोघांकडून आलेल्या या जनुकाच्या दोन्ही प्रतींमध्ये दोष होता. प्रयोगशाळेत त्याच्या रक्तद्रवात हे प्रथिन वरून मिसळले, तेव्हा तो पुन्हा परजीवी मारू लागला. २००६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. माणूस आणि सर्रा यांच्यामधली भिंत कशाची बनलेली आहे, याचा चंद्रपूरचा रुग्ण हा थेट पुरावा ठरला.

म्हणजे बाकी सगळे सुरक्षित आहेत का?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी रुग्णाच्या गावात १,८०६ लोकांची प्राथमिक रक्ततपासणी करण्यात आली. त्यापैकी ४१० जणांची, म्हणजे २२.७ टक्के लोकांची प्रतिपिंड चाचणी सकारात्मक आली. चाचणी ठळकपणे सकारात्मक आलेल्या ६० जणांच्या रक्तात परजीवी शोधण्यात आला. तो एकातही सापडला नाही. या आकड्याचा अर्थ ‘गावातील प्रत्येक पाचवा माणूस आजारी’ असा नाही. परजीवी माणसांपर्यंत वारंवार पोहोचत असावा आणि शरीर त्याला परतवून लावत असावे, असा तो अर्थ आहे.

हे चित्र दिलासा देणारे होते. पण २०१६ मध्ये व्हिएतनाममधून आलेल्या अहवालाने त्यात भर घातली. तिथे एका महिलेला सर्राचा संसर्ग झाला होता आणि तिच्या शरीरात एपीओएल-१ प्रथिन व्यवस्थित होते, जनुकातही दोष नव्हता. कच्चे मांस हाताळताना झालेल्या जखमेतून संसर्ग झाला असावा, असा संशय होता. तीही औषधोपचाराने बरी झाली. भिंत शाबूत असतानाही परजीवी क्वचित आत येऊ शकतो, हे त्यातून दिसले. अशा घटना अत्यंत विरळ आहेत, घाबरण्याचे कारण नाही. पण ‘माणसाला होतच नाही’ हे वाक्य आता कुणालाही छातीठोकपणे म्हणता येत नाही.

सर्रावर लस का नाही?

परजीवीच्या अंगावर एकाच प्रकारच्या प्रथिनाचा दाट थर असतो. शरीर या थराविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि बहुतेक परजीवी मारले जातात. ताप उतरतो. तोवर काही परजीवींनी अंगावरचा थर बदललेला असतो. जुनी प्रतिपिंडे त्यांना ओळखत नाहीत. ते वाढतात, पुन्हा ताप येतो. दरवेळी नवा ओटीपी यावा आणि जुना निकामी व्हावा, तसे हे चालते. या थराचे शेकडो नमुने परजीवीच्या जनुकांमध्ये साठवलेले असतात. त्यामुळे लस कोणत्या नमुन्याविरुद्ध बनवायची, हाच प्रश्न अजून सुटलेला नाही.

औषधांची यादीही लहान आहे. क्विनापायरामिन, डायमिनाझिन, आयसोमेटामिडियम ही सगळी औषधे अनेक दशकांपूर्वीची आहेत. मात्रा चुकली तर काहींचे दुष्परिणाम होतात, विशेषतः घोड्यांमध्ये. अपुऱ्या मात्रेमुळे परजीवी औषधाला दाद देईनासा होतो, अशा नोंदी जगाच्या अनेक भागांतून आल्या आहेत.

आर्थिक फटका किती?

भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राशी संबंधित अंदाजानुसार, सर्रामुळे देशातील पशुधनाच्या उत्पादकतेचे वर्षाला सुमारे ४,४७४ कोटी रुपयांचे नुकसान होते. घटलेले दूध, वाया गेलेले वेत, कामाला न लागणारा बैल, उपचारांचा खर्च आणि दगावलेली जनावरे असा हा फटका आहे. दोन-चार जनावरांवर घर चालवणाऱ्या कुटुंबासाठी दुभती म्हैस आटणे म्हणजे रोजचे उत्पन्न थांबणे.

याच केंद्राने तयार केलेला सर्राच्या निदानाचा एलायझा किट जून २०२२ मध्ये केंद्रीय कृषिमंत्र्यांच्या हस्ते सादर झाला. रक्तात परजीवी कमी असताना काचेवरच्या थेंबात तो सुटून जातो. अशा लपलेल्या संसर्गाचा माग काढण्यासाठी असे किट उपयोगी पडतात.

पशुपालकांनी काय लक्षात ठेवावे?

- ताप येऊन-जाऊन राहणे, अंग थरथरणे, गोल फिरणे, दूध अचानक घटणे, गाभडणे अशी लक्षणे दिसली तर रक्त तपासून घ्यावे. ताप चढलेला असताना घेतलेल्या नमुन्यात परजीवी सापडण्याची शक्यता जास्त असते.
- औषधाची मात्रा वजनानुसार ठरते. दुकानातून आणून अंदाजाने इंजेक्शन देऊ नये.
- एका जनावराची सुई दुसऱ्याला वापरू नये. माशी जे काम करते, तेच काम ही सुई करते.
- गोठ्यातील शेण, ओला चारा आणि साचलेली घाण वेळच्या वेळी हटवावी. स्टोमॉक्सिस माशी अशाच जागी वाढते.
- नवे जनावर बाजारातून आणल्यावर लगेच कळपात मिसळू नये.
- हाताला जखम असताना आजारी जनावराचे रक्त, वार किंवा मांस उघड्या हाताने हाताळू नये.
- फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ या टोल फ्री क्रमांकावर संपर्क साधता येतो.

पुढे काय?

गोठ्यातील तापाची माहिती पशुवैद्यकीय दवाखान्यात राहते आणि घरातील माणसाच्या तापाची प्राथमिक आरोग्य केंद्रात. दोघांमध्ये बोलणे होतेच असे नाही. माणूस, प्राणी आणि पर्यावरण यांच्या आरोग्याचा एकत्र विचार करणाऱ्या ‘वन हेल्थ’ संकल्पनेचा भर नेमका या दरीवर आहे. त्यासाठीच्या राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये नागपुरात झाली, म्हणजे चंद्रपूरच्या रुग्णाचे निदान झाले त्याच शहरात.

अशा संस्थेचा कस मोठ्या साथीत लागेल, तसा तो छोट्या गोष्टींतही लागेल. जंगलाला लागून असलेल्या गावात महिनोन्‌महिने न हटणारा ताप असेल, मलेरिया आणि डेंग्यूच्या चाचण्या नकारात्मक येत असतील, तर ‘घरी जनावरे आहेत का, त्यातले कुणी आजारी आहे का’ हा प्रश्न डॉक्टरांनी विचारायला हवा. आणि सर्राचे जनावर सापडले, तर त्या घरातल्या माणसांना ताप आहे का, हे पशुवैद्याने विचारायला हवे. इव्हान्स यांच्याकडे दोन्ही पदव्या होत्या, त्यामुळे त्यांना हे प्रश्न दुसऱ्याला विचारावे लागले नाहीत. आज ही दोन कामे दोन खात्यांकडे आहेत, म्हणून ते विचारण्याची पद्धत ठरवावी लागेल.